रोमन सैनिकांच्या जीवनावरील प्रदर्शन कसे पाहावे

रोमन सैन्याविषयीच्या प्रदर्शनात शिरताच नजर चकाकणाऱ्या शिरस्त्राणांकडे आणि तलवारींकडे ओढली जाते, आणि बहुतेक प्रेक्षकांचा निम्मा वेळ त्या दोन-तीन काचपेट्यांभोवतीच संपतो. शस्त्रे पाहू नयेत असे मुळीच म्हणायचे नाही. पण प्रदर्शनाचा विषय सैनिकाचे जीवन हा असेल, तर त्याच्या नोकरीची पंचवीस वर्षे ज्या गोष्टींत गेली, त्या पगाराच्या नोंदी, बुटांचे तळवे, आजाऱ्यांच्या याद्या, रजेचे अर्ज आणि घरची पत्रे बहुधा मंद उजेडाच्या कोपऱ्यात मांडलेली असतात. त्या वस्तू करड्या-तपकिरी असतात आणि पहिल्या नजरेत काहीच सांगत नाहीत. थकण्याआधी त्यांच्यापर्यंत कसे पोहोचावे आणि पोहोचल्यावर नेमके काय पाहावे, याविषयीच्या या सूचना आहेत.

कुठे जावे

रोमन सैनिक पाहण्याची ठिकाणे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे मोठ्या शहरातील ठरावीक मुदतीचे प्रदर्शन. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १ फेब्रुवारी ते २३ जून २०२४ या काळात ‘लीजन’ (रोमन सैन्याची मोठी तुकडी) या नावाने भरलेले प्रदर्शन याचे चांगले उदाहरण आहे. तेथे दोनशेहून अधिक वस्तू होत्या आणि एरवी निरनिराळ्या देशांत विखुरलेल्या गोष्टी काही महिन्यांसाठी एका छताखाली आल्या होत्या. सीरियातील ड्युरा-युरोपस येथे सापडलेली, आज जगात शिल्लक असलेली एकमेव अखंड रोमन लांब ढाल अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातून तेथे आणली गेली होती. असे प्रदर्शन जवळपास भरले असेल, तर ते चुकवू नये. मात्र तेथे तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते, गर्दी असते, आणि वस्तू तिच्या मूळ जागेपासून हजारो किलोमीटर दूर असते.

दुसरा प्रकार म्हणजे उत्खननाच्या जागेवरच उभारलेले संग्रहालय. इंग्लंडच्या उत्तरेला, इ. स. १२२ मध्ये बांधायला घेतलेल्या सम्राट हेड्रियनच्या भिंतीजवळील व्हिंडोलांडा, वेल्समधील कारलियन येथील दुसऱ्या ऑगस्टा लीजनचा तळ, जर्मनीतील कालक्रीझे, आणि फ्रँकफर्टच्या उत्तरेला बाड होम्बुर्गजवळ पुन्हा बांधून काढलेला झालबुर्गचा किल्ला ही सगळी या प्रकारातली ठिकाणे आहेत. पहिल्यांदाच जाणाऱ्याने निवड करायची झाली, तर मी अशाच ठिकाणाची शिफारस करेन. काचेतला बूट पाहून दहा पावले बाहेर गेले, की तो ज्या चिखलात दोन हजार वर्षे टिकून राहिला तो चिखल आणि ज्या बराकीत तो उतरवला जात असे त्या बराकीचा पाया समोर दिसतो. ही जोड मोठ्या शहरातील संग्रहालयाला, त्याच्याकडे कितीही पैसा असला तरी, देता येत नाही.

झालबुर्गसारख्या ठिकाणी एक भान मात्र ठेवावे. तेथील भिंती आणि दरवाजे जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या आदेशाने १८९७ नंतर उभारले गेले आहेत. पाया रोमन असला तरी वरचे बांधकाम म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील लोकांची रोमन किल्ल्याबद्दलची कल्पना आहे. ते पाहण्याजोगे आहेच. फक्त कोणत्या काळाची वस्तू आपण पाहतो आहोत, हे विसरू नये.

जाण्यापूर्वी एवढे माहीत असावे

फार वाचन करून जाण्याची गरज नसते. पण पुढील थोड्या गोष्टी डोक्यात असल्या, तर माहितीफलक वाचताना अडखळायला होत नाही.

रोमन सैन्यात दोन वर्ग होते. लीजनमध्ये भरती होण्यासाठी रोमन नागरिकत्व लागत असे आणि एका लीजनमध्ये सुमारे पाच हजार सैनिक असत. नागरिक नसलेल्यांसाठी साहाय्यक दले होती. त्यांत बटाव्हिया, थ्रेस, सीरिया, उत्तर आफ्रिका अशा प्रदेशांतून माणसे येत. साहाय्यक सैनिकाने पंचवीस वर्षे नोकरी केली, की त्याला रोमन नागरिकत्व मिळत असे, आणि हे आमिष किती मोठे होते हे पुढे एका छोट्या काशाच्या पत्र्यावर दिसेल. इ. स. २१२ मध्ये सम्राट काराकाला याने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिले आणि या व्यवस्थेचा मूळ आधारच बदलला. म्हणून वस्तूचे साल पाहताना ते २१२ च्या आधीचे आहे की नंतरचे, एवढे पाहून ठेवावे.

सर्वांत लहान गट आठ जणांचा. हे आठ जण एका तंबूत किंवा बराकीच्या दोन छोट्या खोल्यांत राहत आणि एकत्र शिजवून खात. असे दहा गट मिळून ८० जणांची सेंच्युरी होत असे आणि तिचा प्रमुख तो सेंच्युरियन. नावात शंभराचा भास असला तरी आकडा ८० चाच धरावा. सहा सेंच्युरींची कोहोर्ट, आणि दहा कोहोर्टची एक लीजन. प्रदर्शनात दळणाचे जाते, कढई किंवा तंबूच्या चामड्याचा तुकडा दिसला, की तो आठ जणांच्या संसाराचा भाग आहे असे समजून पाहावे. एकट्या सैनिकाची रोमन सैन्याने फारशी कल्पनाच केलेली नव्हती.

तिसरी गोष्ट पगाराची. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात लीजनमधील साध्या सैनिकाला वर्षाला २२५ डिनेरियस (चांदीची नाणी) मिळत आणि ते तीन हप्त्यांत दिले जात. पुढे सम्राट डोमिशियनने ही रक्कम ३०० केली. निवृत्तीच्या वेळी लीजनच्या सैनिकाला एकरकमी मोबदला देण्यासाठी इ. स. ६ मध्ये ऑगस्टसने स्वतंत्र लष्करी खजिना उभारला आणि त्यासाठी वारसाहक्काच्या मालमत्तेवर पाच टक्के कर बसवला. शेवटची गोष्ट लग्नाची: सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने इ. स. १९७ च्या सुमारास मुभा देईपर्यंत साध्या सैनिकाला कायदेशीर लग्न करता येत नव्हते. हे लक्षात ठेवून किल्ल्यांत सापडलेल्या लहान मुलांच्या चपला पाहाव्यात.

वेळ आणि तिकीट

मुदतीच्या प्रदर्शनाचे तिकीट ऑनलाइन आधीच काढावे आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची पहिली वेळ घ्यावी. ब्रिटिश म्युझियमच्या कायम दालनांना प्रवेशमूल्य नाही. व्हिंडोलांडातील शाईने लिहिलेल्या लाकडी पाट्या तेथे ४९ क्रमांकाच्या दालनात, रोमन ब्रिटनच्या विभागात पाहायला मिळतात. कारलियनच्या संग्रहालयालाही प्रवेशमूल्य नाही. हेड्रियनच्या भिंतीवरील ठिकाणांच्या वेळा हिवाळ्यात बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी त्या तपासाव्यात. भिंतीच्या कडेने हंगामात धावणाऱ्या बसचा क्रमांक एडी १२२ असा आहे आणि हेक्सहॅम किंवा हॉल्टव्हिसल या रेल्वे स्थानकांवरून ती पकडता येते.

प्रदर्शनासाठी दोन तास हाताशी ठेवावेत. त्याहून जास्त वेळ मन एकाग्र राहत नाही, आणि त्याहून कमी वेळात कोरीव लेख वाचून होत नाहीत.

आत गेल्यावर

पहिली दहा-पंधरा मिनिटे कोणत्याही फलकासमोर न थांबता संपूर्ण दालनातून एक फेरी मारावी. कोणत्या खोलीत काय आहे आणि मंद उजेडाच्या पेट्या कुठे आहेत, ते पाहून घ्यावे. लाकूड, चामडे, पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला प्राचीन कागद) आणि रंग प्रकाशाने खराब होतात, म्हणून त्यांच्या पेट्यांत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. तिथे पोहोचल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थोडे थांबावे लागते. उजळ दालनातून थेट येऊन पाटीकडे पाहिले, तर ती कोरी वाटते आणि माणूस पुढे निघून जातो. छायाचित्रांना परवानगी असली तरी फ्लॅश वापरू नये, आणि मानवी अवशेष मांडलेल्या ठिकाणी छायाचित्रच घेऊ नये असे मला वाटते. इटलीतील हर्क्युलेनियमच्या किनाऱ्यावर इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात मेलेल्या सैनिकाचा सांगाडा १९८० च्या दशकात तलवार, कमरपट्टा आणि कामाच्या अवजारांसह सापडला. अशा पेटीसमोर उभे राहताना तो एका माणसाचा देह आहे याची जाणीव ठेवणे एवढे आपण करू शकतो.

दुसऱ्या फेरीत एक माणूस निवडावा. प्रदर्शनात ज्याचे नाव कळते असा कोणीही चालेल: पत्र लिहिणारा, थडग्याच्या शिळेवरचा, ढालीवर नाव कोरून ठेवणारा. पुढची प्रत्येक वस्तू पाहताना ‘ही त्याच्याकडे असेल का? नसेल तर का नाही?’ असे विचारत जावे. लीजनचा सैनिक आणि साहाय्यक दलाचा सैनिक, साधा शिपाई आणि अधिकारी, पहिले शतक आणि तिसरे शतक हे फरक या एका प्रश्नाने आपोआप उलगडतात. ब्रिटिश म्युझियमच्या २०२४ च्या प्रदर्शनाने हेच सूत्र घेतले होते आणि त्यासाठी इजिप्तमधील सैनिक क्लॉडियस टेरेन्शियानस याची निवड केली होती. त्याची पत्रे कारानिस या गावी पपायरसवर सापडली. त्याला लीजनमध्ये जायचे होते, पण प्रथम त्याला आरमारात जावे लागले. घरच्या वडीलधाऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तो तलवार, कुदळ, भाले आणि कपडे पाठवायला सांगतो. दुसऱ्यात तो लिहितो, की इथे पैशांवाचून काहीच होत नाही आणि माणूस स्वतः हातपाय हलवत नसेल तर शिफारसपत्रांचाही उपयोग नाही. सैनिकाला स्वतःची सामग्री घरून मागवावी लागते, ही एक गोष्ट समजली, की शस्त्रांच्या पेटीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

फलक वाचताना

फलकावर वस्तूच्या नावाखालची बारीक अक्षरातली ओळ आधी वाचावी. तिथे साल, सापडण्याचे ठिकाण, साहित्य आणि मालकी दिलेली असते. ‘प्रतिकृती’, ‘साचा’ किंवा ‘पुनर्रचना’ असा शब्द आहे का, ते पाहावे. प्रतिकृती वाईट नसते. सम्राट ट्राजनच्या विजयस्तंभाचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील दोन तुकड्यांतला प्लास्टरचा साचा रोममधील मूळ स्तंभापेक्षा जवळून पाहता येतो, आणि मूळ स्तंभ शहराच्या हवेत झिजण्याआधीचे बारकावे त्यात टिकून आहेत. पण आपण काय पाहतो आहोत हे कळायला हवे.

सापडण्याचे ठिकाण तर सर्वांत महत्त्वाचे. २०१० मध्ये इंग्लंडमधील कंब्रियात क्रॉस्बी गॅरेट येथे धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाला मुखवट्यासह घोडेस्वाराचे एक अप्रतिम शिरस्त्राण तुकड्यांच्या स्वरूपात सापडले. पुरातत्त्वज्ञांना नीट अभ्यास करण्याची संधी मिळण्यापूर्वीच ते जोडले गेले आणि लिलावात वीस लाख पौंडांहून अधिक किमतीला एका खाजगी संग्राहकाकडे गेले. एकटी काशाची वस्तू म्हणून ती तेव्हाच्या कायद्यात ‘खजिना’ ठरत नव्हती. त्याचे सौंदर्य निर्विवाद आहे, पण ते तिथे का पुरले होते या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारा पुरावा तुकडे जमिनीतून निघतानाच बराचसा हरवला. याउलट कालक्रीझे येथे २०१८ मध्ये सापडलेले लोखंडी पट्ट्यांचे चिलखत मातीच्या संपूर्ण ढेकळासह उचलले गेले, क्ष-किरणांनी आतून तपासले गेले आणि मग हळूहळू मोकळे केले गेले. या प्रकारच्या चिलखतांत ते सर्वांत जुने आणि सर्वांत पूर्ण मानले जाते. त्याच्याबरोबर मान आणि हात एकत्र जखडणाऱ्या लोखंडी बेडीचे भागही सापडले. बेडी आणि चिलखत एकत्र सापडणे म्हणजे काय, याचा विचार प्रेक्षकाने स्वतः करावा. नुसते चिलखत लिलावातून आले असते, तर हा प्रश्न विचारताच आला नसता.

लाकडी पाट्या आणि पगाराचा कागद

आता मंद उजेडाच्या पेट्यांकडे यावे, आणि इथे घाई करू नये. व्हिंडोलांडाच्या पाट्या म्हणजे पोस्टकार्डाएवढे, काही मिलिमीटर जाडीचे लाकडाचे पापुद्रे. त्यांवर काजळीच्या शाईने लिहिलेले आहे. १९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांच्या उत्खननात त्या प्रथम हाती आल्या. ओलसर, हवा न पोहोचणाऱ्या थरांत असल्यामुळे त्या टिकल्या. नुसत्या डोळ्यांनी अक्षरे ओळखणे कठीण असते, म्हणून शेजारी लावलेले अवरक्त प्रकाशातील छायाचित्र आणि भाषांतर आधी पाहावे आणि मग मूळ पाटीवर त्याच ओळी शोधाव्यात. एखादी रेघ जुळली, की पुढची आपोआप दिसू लागते.

या पाट्यांतील एक मला सर्वांत मोलाची वाटते आणि ती पाहिल्याशिवाय कोणी परत जाऊ नये. तुंग्रियन लोकांच्या पहिल्या कोहोर्टचा हा १८ मे रोजीचा हजेरीपट आहे. पटावर एकूण ७५२ माणसे. त्यांतली ४५६ बाहेर: ३३७ जण दुसऱ्या तळावर, ४६ जण प्रांताधिकाऱ्याच्या रक्षकदलात, एक सेंच्युरियन लंडनला, आणि असेच इतर. उरलेल्या २९६ जणांपैकी १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. म्हणजे किल्ल्यात कामाला धडधाकट माणसे २६५. चित्रांतून आणि स्तंभांवरून रोमन सैन्य म्हणजे एका ओळीत उभी असलेली अभेद्य भिंत अशी जी प्रतिमा मनात बसलेली असते, तिच्याशेजारी ही पाटी ठेवून पाहावी. सीमेवरचे सैन्य म्हणजे निम्म्याहून जास्त माणसे इतरत्र कामाला गेलेली एक छावणी होती, आणि धूर व अस्वच्छतेमुळे असो की अन्य कारणाने, डोळे येणे ही तेथील कारकुनाला स्वतंत्र रकाना करावा लागेल इतकी नेहमीची बाब होती.

इतर पाट्यांत मोजे आणि आतल्या कपड्यांची पाठवणी आहे, रजेचे अर्ज आहेत, आणि ‘माझ्या साथीदारांकडे बिअर उरलेली नाही, ती पाठवण्याची आज्ञा व्हावी’ अशी एका अधिकाऱ्याची विनंतीही आहे.

पगाराच्या बाबतीत इस्रायलमधील मसाडा येथे सापडलेला पपायरस शोधावा. मूळ नसले तरी त्याचे छायाचित्र किंवा भाषांतर अनेक ठिकाणी लावलेले असते. इ. स. च्या पहिल्या शतकातील सत्तरीच्या दशकातला हा कागद गायस मेसियस नावाच्या सैनिकाचा आहे. त्याला हप्त्याचे ५० डिनेरियस मिळाले आणि त्यातून सातू, खाणे, बूट, चामड्याचे पट्टे आणि तागाचा अंगरखा यांची कपात झाली. कपातींची बेरीज केली तर हातात काहीच उरत नाही. हा हप्ता लीजनच्या ७५ डिनेरियसच्या हप्त्याशी का जुळत नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण सैनिकाला अन्न, कपडे आणि पादत्राणे फुकट मिळत नव्हती, हे त्यातून अगदी स्पष्ट होते.

शस्त्रांच्या पेटीसमोर

हे सर्व पाहून झाल्यावर शस्त्रांकडे वळावे, आणि वळताना नक्षीपेक्षा मागची बाजू पाहावी. शिरस्त्राणाच्या मानेवरील पत्र्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली नावे दिसतात का ते शोधावे. ब्रिटिश म्युझियममधील, लंडनमध्ये सापडले असे मानले जाणारे पहिल्या शतकातील एक शिरस्त्राण आहे. त्याच्या पत्र्यावर चार मालकांची नावे आहेत. एकाने निवृत्त होताना किंवा मेल्यावर ते दुसऱ्याकडे गेले, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. पगारातून कपात होत असे हे आत्ताच वाचलेले असल्याने जुने शिरस्त्राण का टाकून दिले जात नव्हते, ते वेगळे सांगावे लागत नाही. इंग्लंडमधील टाइन नदीत सापडलेल्या ढालीच्या मधल्या पितळी उंचवट्यावर ज्यूनियस ड्युबिटेटस याने आपले नाव, आपल्या सेंच्युरियनचे नाव आणि आठव्या ऑगस्टा लीजनचे नाव कोरून ठेवले आहे. ड्युरा-युरोपसची ढाल पाहायला मिळाली, तर तिच्या कडेकडे पाहावे: पातळ लाकडी पट्ट्या आडव्या-उभ्या एकमेकींवर चिकटवून, वर लाल रंगवलेले चामडे ताणून ती बनवलेली आहे. एक मीटरहून थोडी उंच आणि वक्र असलेली ही वस्तू ओंडक्यासारखी जड असेल असा आपला समज असतो. तो तिथेच दुरुस्त होतो.

दुरुस्तीच्या खुणा, ठिगळे, वेगळ्या धातूचे रिबिट, बुटाच्या तळव्याची एका बाजूला झालेली झीज आणि पडून गेलेल्या खिळ्यांची भोके ही सगळी वापराची साक्ष आहे. ज्या वस्तूवर अशा खुणा नाहीत, ती मिरवणुकीसाठी होती की देवाला वाहण्यासाठी, की वापरण्याआधीच हरवली, असा प्रश्न मनात धरावा.

थडग्याची शिळा कशी वाचावी

रोमन सैनिकांच्या शिळा वाचायला लॅटिन यावे लागत नाही. मजकूर ठरावीक साच्याचा असतो आणि संक्षेप ओळखता आले, की दहा मिनिटांत बराचसा अर्थ लागतो. वरती ‘डी’ आणि ‘एम’ ही दोन अक्षरे असतील, तर ती मृतांच्या आत्म्यांना केलेले वंदन आहे. नंतर मृताचे नाव, बहुधा वडिलांचे नाव, आणि नागरिक असेल तर गाव. ‘लेग’ दिसले तर लीजन, ‘कोह’ दिसले तर कोहोर्ट, ‘आला’ दिसले तर साहाय्यक घोडदळ, आणि त्यालगतच तुकडीचा क्रमांक. ‘आन’ च्या पुढचा आकडा वयाचा, ‘स्टिप’ च्या पुढचा नोकरीच्या वर्षांचा. दुसरा आकडा पहिल्यातून वजा केला, की तो कोणत्या वयात भरती झाला ते कळते. वय पाचाच्या किंवा दहाच्या पटीत असेल, तर ते अंदाजे असण्याची शक्यता धरावी. रोमन शिळांवर तीस, पस्तीस, चाळीस असे गोळाबेरीज आकडे संशयास्पद प्रमाणात आढळतात. आकडे नेहमीच्या रोमन अंकांत असतात, फक्त ४ ऐवजी चार उभ्या रेघा बऱ्याचदा दिसतात. शेवटी ‘एच’, ‘एफ’, ‘सी’ असतील तर शिळा वारसाने उभारली, आणि ‘एच’, ‘एस’, ‘ई’ असतील तर मृत येथेच पुरलेला आहे.

आणि या शेवटच्या अक्षरांची अनुपस्थितीही वाचायची असते. जर्मनीतील बॉन येथील एलव्हीआर संग्रहालयात मार्कस सेलियसची शिळा आहे. तो अठराव्या लीजनचा सेंच्युरियन, बोलोन्याचा, वय साडेत्रेपन्न वर्षे. मध्यभागी त्याची प्रतिमा आहे: छातीवर पदके, डोक्यावर नागरिकाचा जीव वाचवल्याबद्दल मिळणारा ओकच्या पानांचा मुकुट, हातात सेंच्युरियनची वेलीची छडी. याच छडीने सैनिकांना बडवले जात असे, इ. स. १४ च्या बंडात सैनिकांनी ज्या सेंच्युरियनला ठार केले, त्याला पाठीवर छडी मोडल्यावर ‘दुसरी आणा’ म्हणण्याच्या सवयीवरूनच टोपणनाव पडले होते. सेलियसच्या दोन्ही बाजूंना त्याचे मुक्त केलेले दोन गुलाम, प्रिव्हेटस आणि थियामिनस, अर्धपुतळ्यांच्या रूपात आहेत. खालचा लेख सांगतो, की तो रोमन सेनापती व्हारसच्या युद्धात पडला, म्हणजे इ. स. ९ मध्ये, जेव्हा तीन लीजन जर्मनीच्या जंगलात नष्ट झाल्या आणि त्यांचे क्रमांक पुन्हा कधीच वापरले गेले नाहीत. त्यानंतर एक लहानसे वाक्य आहे: अस्थी येथे ठेवण्याची मुभा आहे. शिळा उभारली त्याच्या भावाने, पब्लियसने. देह मिळालेला नव्हता. कधी काळी मिळालाच, तर त्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे. युद्धावरच्या कोणत्याही फलकापेक्षा हे एक वाक्य मला अधिक सांगते.

जे सैनिक नव्हते ते

चांगल्या प्रदर्शनाची एक कसोटी अशी, की त्यात स्त्रिया, मुले, गुलाम आणि जिंकलेले लोक कुठे आहेत. ते मांडलेले नसतील, तर आपण शोधावेत. व्हिंडोलांडात किल्ल्याच्या आतल्या भागातही स्त्रियांची आणि लहान मुलांची पादत्राणे सापडली आहेत. तिथेच इ. स. १०० च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेरा हिने किल्ल्याच्या प्रमुखाची पत्नी सल्पिसिया लेपिडिना हिला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचे आमंत्रण पाठवले. मजकूर लेखनिकाच्या हातचा, पण शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या. स्त्रीने स्वहस्ते लिहिलेल्या लॅटिनचा हा अतिशय जुना नमुना आहे. अधिकाऱ्यांना पत्नी सोबत ठेवता येत असे आणि साध्या सैनिकांना कायद्याने नाही, हा भेद या आमंत्रणाकडे आणि त्या छोट्या चपलांकडे एकत्र पाहिल्यावर ठळक होतो.

इंग्लंडमधील साउथ शील्ड्स येथील आर्बिया किल्ल्याच्या संग्रहालयात रेजिनाची शिळा आहे. ती दक्षिण ब्रिटनमधील कॅटुवेलौनी जमातीची, आधी गुलाम, मग मुक्त केलेली आणि शेवटी सीरियातील पाल्मिराच्या बाराटेसची पत्नी, वय ३०. वेताच्या खुर्चीत बसलेली, हातात सूतकताईचे साहित्य, शेजारी लोकरीची टोपली. लॅटिन मजकुराखाली बाराटेसने आपल्या पाल्मिरीन भाषेत आणि लिपीत एक ओळ कोरवून घेतली, ती अशी: रेजिना, बाराटेसची मुक्त केलेली स्त्री, हाय रे! त्या थंड सीमेवर ती लिपी वाचणारे फार थोडे असतील. तो तिच्यावर प्रेम करत होता हे खरे, आणि ती कधी काळी त्याची मालमत्ता होती हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच दगडावर आहेत आणि त्यातली एक सोडून दुसरी पाहता येत नाही.

पराभूतांसाठी ट्राजनचा स्तंभ पाहावा. डेशियाच्या (आजच्या रुमानियातील) युद्धांनंतर इ. स. ११३ मध्ये तो पूर्ण झाला. त्यावर सैनिक लढण्यापेक्षा झाडे तोडताना, तटबंदी रचताना आणि पूल बांधताना जास्त दिसतात. नंतरच्या सम्राट मार्कस ऑरेलियसच्या स्तंभावर मात्र जळणारी गावे आणि ओढून नेल्या जाणाऱ्या स्त्रिया-मुले उघडपणे कोरलेली आहेत. ते अभिमानाने कोरले गेले होते, हे पाहताना ध्यानात असू द्यावे.

शेवटच्या दालनात

प्रदर्शन बहुधा निवृत्तीने संपते आणि तिथे काशाच्या दोन छोट्या पत्र्यांची जोडी असते. हा साहाय्यक सैनिकाचा मुक्ततेचा दाखला. मजकूर बाहेर आणि आत असा दोनदा कोरलेला असतो. दोन्ही पत्रे तारेने बांधून त्यावर सात साक्षीदारांच्या मुद्रा लावल्या जात, म्हणजे बाहेरच्या मजकुराविषयी वाद झाला तर आतला उघडून पडताळता येई. तारेची भोके आणि मुद्रांची जागा शोधावी. मूळ लेख रोममध्ये लावलेला असे आणि ही त्याची वैयक्तिक प्रत. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर या पत्र्याच्या जोरावर माणूस रोमन नागरिक होत असे.

लहान मुले बरोबर असतील, तर दोन तासांचा आग्रह सोडून द्यावा. अनेक संग्रहालयांत प्रतिकृती हाताळायला आणि शिरस्त्राण घालून पाहायला मिळते. त्याने सुरुवात करावी आणि मग त्यांना एका बुटाचे खिळे मोजायला किंवा एका शिळेवरचे वय शोधायला सांगावे. मोठ्यांनीही चिलखताची प्रतिकृती खांद्यावर घेण्याची संधी सोडू नये.

बरोबर वही आणि पेन्सिल असावी. बऱ्याच ठिकाणी दालनात शाईचे पेन चालत नाही. छायाचित्र घेताना वस्तूबरोबर फलकाचेही घ्यावे, कारण महिन्याभराने कोणते शिरस्त्राण कुठले, ते आठवत नाही. ब्रिटनमधील लेखांच्या फलकावर अनेकदा ‘आरआयबी’ आणि पुढे एक क्रमांक असतो. तो टिपून ठेवावा. ‘रोमन इन्स्क्रिप्शन्स ऑफ ब्रिटन’ या विनामूल्य संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, की त्या लेखाचे वाचन, भाषांतर आणि रेखाटन मिळते, आणि दालनात अर्धवट लागलेली ओळ घरी बसून पुरी करता येते.